फोर्ट कोची आणि भोवतालची बेटं : सोलापूरहून सहा जण, पाच दिवस कसे लावावेत?

साखरपेठकर

जानेवारीत सोलापूरहून फोर्ट कोचीला जायचं चाललंय. सहा जण आहोत. सत्तरी ओलांडलेले दोघं (गुडघे दुखतात, चाल हळू), अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. प्रवास सोडून तिथे पाच दिवस मिळतात. बुधवारी पोहोचायचं आणि सोमवारी निघायचं. ज्येष्ठ दोघं पूर्ण शाकाहारी, बाकीचे मासे खातात.

जुनं पोर्तुगीज-डच गाव बघायचंय, पोरांना उतरता येईल असा समुद्र हवाय आणि एखादं बेट. बास. ट्रॅव्हल्सवाल्याने दिलेल्या कागदावर मात्र कोची एक दिवस, मुन्नार दोन, थेक्कडी एक, अलेप्पी एक असं आहे. गाडी कोणती धरावी, मुक्काम कुठे करावा, मटणचेरीला किती वेळ द्यावा आणि लक्षद्वीप जोडता येईल का, हे जाणकारांनी सांगावं.

होटगीनाका

तो कागद आधी बाजूला ठेवा. कोचीहून मुन्नार सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि शेवटचा टप्पा सगळा घाटाचा. चार तास धरायचे, वाहतूक लागली तर पाच. तिथून थेक्कडी, मग उतरून अलेप्पी. पाचातले अडीच दिवस गाडीच्या खिडकीत जातात. दुखऱ्या गुडघ्यांना बसून राहणं चालण्यापेक्षा जास्त भारी पडतं.

रेल्वेचं सांगतो. सोलापूरवरून थेट जाणारी म्हणजे पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस. जुने लोक अजून तिला जयंती जनताच म्हणतात. वाडी, रायचूर, गुंतकल, तिरुपती, काटपाडी, सेलम, कोइमतूर, पालक्काड, त्रिशूर असा रस्ता आहे. तीस तासांच्या वर बसायचं आहे, त्यामुळे स्लीपरच्या मोहात न पडता थर्ड एसी घ्या. दुसरा मार्ग पुण्याहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम. निसर्ग फार चांगला, पण गाड्या रोज नाहीत आणि पुण्यापर्यंतचा प्रवास वेगळा.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सहाही जणांचं एकच तिकीट काढू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांनाच लागतो. पुरुष ६० च्या पुढचा आणि बाई ४५ च्या पुढची असली पाहिजे. सोबत पोरांची नावं घातली की कोटा गेला, मग आजोबांना वरचा बर्थ येतो आणि डब्यात अदलाबदलीच्या विनवण्या सुरू होतात. त्या दोघांचं तिकीट वेगळं आणि चौघांचं वेगळं काढा.

तारखेकडेही नीट बघा. गाडी पुण्याहून एका तारखेला सुटते आणि सोलापुरात मध्यरात्र उलटल्यावर आली तर तारीख बदललेली असते. तिकिटावर सोलापूरची तारीख लागते, पुण्याची नव्हे. एक दिवसाचा घोळ इथेच होतो.

विजापूरवेस

उतरण्याबद्दल. कोची नावाच्या मोठ्या स्टेशनावर उतरायचं असतं असं समजू नका. मुख्य स्टेशनं दोन, दोन्ही एर्नाकुलममध्ये. एर्नाकुलम टाउनला तिथले लोक नॉर्थ म्हणतात आणि एर्नाकुलम जंक्शनला साउथ. कन्याकुमारीची ही गाडी कोट्टायममार्गे जाते म्हणून टाउनला थांबते, जंक्शनला जात नाही. परतीच्या दिवशी रिक्षावाल्याला नुसतं ‘रेल्वे स्टेशन’ म्हटलं की तो साउथला नेतो आणि गाडी नॉर्थवरून निघून जाते. ‘नॉर्थ’ हा एक शब्द पाठ करून ठेवा.

विमानाने जायचं तर पुणे किंवा हैदराबादहून जा. विमानतळ नेडुम्बासेरीला आहे, फोर्ट कोचीपासून चाळीस किलोमीटरवर, आणि संध्याकाळी दीड-दोन तास लागतात. म्हणजे विमानाने वाचवलेला वेळ थोडा तिथे परत द्यावा लागतो.

बाळीवेस

मुक्काम एर्नाकुलममध्ये नको. हॉटेलं स्वस्त आणि मोठी मिळतात, पण दिवसातून दोनदा खाडी ओलांडावी लागते. तीन रात्री फोर्ट कोचीत आणि शेवटच्या दोन चेराईला राहा. रोज सामान हलवायचं नाही, एकदाच हलवायचं.

फोर्ट कोचीत होमस्टे भरपूर आहेत. जुनी घरं, लाकडी जिने. फोटोत जिना सुंदर दिसतो, पण पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. बुकिंगच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, खिडक्यांना डासांची जाळी आहे का. कोचीचे डास त्या मुलखात प्रसिद्ध आहेत. सूर्य मावळला की खिडक्या लावायच्या आणि पोरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे.

आणि ओ, आपला जाड सोलापुरी टॉवेल घेऊन जाऊ नका. इथे दोरीवर टाकला की तासाभरात कडक होतो. तिथल्या दमट हवेत तो दोन दिवस ओलाच राहतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. माणशी दोन पातळ पंचे न्या. सुती कपड्यांचंही तेच आहे, जीन्स तर अजिबात नको.

साखरपेठकर

इथे उन्हाळ्यात ४२-४३ अंश सोसतो की आम्ही. जानेवारीत तिथे ३२-३३ असणार ना? त्यात काय एवढं?

बाळीवेस

आकडा बघून फसतात सगळे. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम अंगावर उमटता उमटता उडतो आणि शरीर गार राहतं. कोचीत घाम निथळतो पण उडत नाही, त्यामुळे अंग तापलेलंच राहतं. सोलापूरकराला घाम दिसायची सवय नसते, म्हणून ‘एवढा घाम येतोय म्हणजे अशक्तपणा आहे’ असं वाटून ज्येष्ठ घाबरतात. सकाळी आठ ते साडेअकरा आणि दुपारी चारनंतर फिरा. मधला वेळ पंख्याखाली. शहाळं, नाहीतर संभारम मागा. संभारम म्हणजे आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता ठेचून घातलेलं पातळ ताक.

डफरीनचौक

गावाचा नकाशा आधी डोक्यात बसवा म्हणजे पुढचं सोपं जातं. समोर समुद्र आणि मागे बॅकवॉटर, म्हणजे खाडीचं आतलं पाणी. दोन्हींना जोडणारं एक तोंड आहे. तोंडाच्या दक्षिणेला फोर्ट कोची, उत्तरेला वायपीन बेट. फोर्ट कोचीच्या आतल्या अंगाला, चालत अर्ध्या-पाऊण तासावर मटणचेरी. पलीकडे मुख्य भूमीवर एर्नाकुलम. या सगळ्यांच्या मधोमध विलिंग्डन बेट, जे निसर्गाने केलेलं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने १९२० नंतर बंदर खोल करायला गाळ उपसला आणि त्या गाळाचं हे बेट झालं.

बंदराचा जन्मही असाच पाण्याने केलेला. १३४१ च्या पुरात पेरियार नदीने उत्तरेचं मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि इथे कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. वायपीन बेट त्याच पुराचं. तिथे त्या वर्षापासून मोजलेला पुदुवैप्पू शकही होता.

आता बघायचं काय. सेंट फ्रान्सिस चर्च पहिलं घ्या. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये लाकडी बांधलं, १५१६ मध्ये पक्कं झालं. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथेच पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, म्हणून आता आत कठडा घातलेली रिकामी जागा आणि दगड आहे. लोक तेवढा दगड बघून निघतात. मान वर करून पंखे बघा. बाकांच्या वर आडव्या दांड्यांना कापडाच्या लांब झालरी आहेत आणि त्यांच्या दोऱ्या भिंतीतल्या भोकांतून बाहेर गेल्यात. प्रार्थना चालू असताना बाहेर बसलेले नोकर त्या ओढत. पोरांना हे दाखवलं की वास्कोपेक्षा जास्त लक्षात राहतं. चर्च आधी कॅथलिक होतं, डचांनी १६६३ मध्ये कोची घेतल्यावर प्रोटेस्टंट केलं, पुढे इंग्रजांकडे अँग्लिकन. तीन राजवटी एकाच छपराखाली. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा जाऊ नका.

सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे. आजची इमारत १९०५ ची, कारण पोर्तुगीजांची मूळ इमारत इंग्रजांनी १७९५ मध्ये गाव घेतल्यावर पाडली. फोर्ट इमॅन्युएल किल्ल्याचंही तेच झालं, बुरुजाचा थोडा भाग सोडला तर नाव तेवढं उरलंय. नळदुर्ग, परंडा बघितलेल्या माणसाने किल्ल्याच्या आशेने जाऊ नये. डच दफनभूमी १७२४ ची आहे. फाटकाला बहुधा कुलूप असतं, भिंतीवरूनच बघायची.

हे सगळं पॅरेड ग्राउंडच्या आसपास एक-दीड किलोमीटरच्या आत आहे. जागोजागी रेन ट्रीची सावली आहे, ज्येष्ठांना सकाळी सहज जमेल.

जलपर्णी_नको

चिनी जाळ्यांचा फोटो सगळे काढतात, पण ती चालतात कशी हे पाच मिनिटं थांबून बघावं. मल्याळममध्ये चीनवला. किनाऱ्यावर लाकडी माची असते, तिच्यावर एक मोठं त्रिकोणी धूड टेकवलेलं. पुढच्या टोकाला चार वाकड्या बांबूंना ताणून बांधलेलं वीसेक मीटर रुंद जाळं, आणि मागच्या टोकाला दोऱ्यांना लोंबणारे मोठे दगड. तागडी समजा. एका पारड्यात जाळं, दुसऱ्यात दगड. एक माणूस मुख्य वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने तोल ढळतो आणि जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं तसंच ठेवतात. मग पाच-सहा जण मागे दोऱ्या ओढतात. दगड एकाखाली एक वेगवेगळ्या लांबीवर बांधलेले असतात, म्हणून जाळं वर येत जाईल तसा एकेक दगड जमिनीवर टेकतो आणि भार आपोआप कमी होत जातो. नुसत्या गाठी आणि दगड, कुठे चाक नाही की कप्पी नाही. आता बऱ्याच जाळ्यांना लोखंडी पाइप लागलेत, कारण जाड सागवान परवडत नाही.

ही कुणी आणली यावर दोन मतं आहेत. कुणी चिनी आरमाराचं नाव घेतं, कुणी म्हणतं मकाऊहून पोर्तुगीजांनी आणली. भागांची काही नावं पोर्तुगीज वळणाची आहेत, म्हणून दुसऱ्या मताला वजन आहे.

भरतीच्या वेळी जा. ओहोटीला जाळी वर टांगलेली असतात, मग नुसते सांगाडे बघून यावं लागतं. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर ‘कोची’ घालून मिळतात, आणि त्या रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकतात. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने आतल्या गोड्या पाण्याबरोबर जलपर्णी वाहत येते, आपल्या कंबर तलावात असते तीच. ती जाळ्यात भरली की मासे कमी, कचरा जास्त. उन्हाळ्याकडे पाणी खारं झालं की ती मरते. जानेवारीत बरीच कमी झालेली असते.

जाळ्याशेजारी मासे विकणारे असतात, आणि ‘घ्या, समोर शिजवून देतो’ म्हणणारेही. त्यातला बराचसा मासा जाळ्यातला नसून बंदरावरून आलेला असतो. वाईट असतो असं नाही. पण किलोचा भाव, साफ केल्यावरचं वजन आणि शिजवायचे पैसे हे तिन्ही आधी वेगवेगळे विचारा. भांडण नेहमी तिसऱ्यावर होतं.

कडक_भाकरी

शाकाहारी आजी-आजोबांची चिंता करू नका. मटणचेरीत गुजराती रस्ता म्हणून भागच आहे, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती व्यापारी, तिथे साधी थाळी मिळते. जवळच चेरलाईला कोकणी गौड सारस्वतांची वस्ती आणि तिरुमल देवस्वम मंदिर आहे. त्या गल्लीत कोकणी कानावर पडते. पालक्काड ओलांडल्यावर सोलापूरकराच्या मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषा खिशात जातात, पण तिथे अर्धं बोलणं आपोआप कळतं. मंदिरात पुरुषांना शर्ट-बनियन काढावं लागतं, आजोबांना आधी सांगून ठेवा.

नाश्त्याला आप्पम, इडियप्पम, पुट्टू आणि सोबत कडला करी, म्हणजे काळ्या हरभऱ्याची उसळ. आपल्या जिभेला लगेच जमते. भात मागितला की तांबूस जाड मट्टा तांदूळ येतो, तो सवयीशिवाय पचायला जड. ज्येष्ठांसाठी ‘पच्चरी’ म्हणजे पांढरा तांदूळ मागा. स्वयंपाक खोबरेल तेलात असतो. पहिल्या दिवशी वास जाणवतो, तिसऱ्या दिवशी नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर असू द्या. गाडीतही उपयोगी आणि तिथल्या ताकाबरोबरही. चटणी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दमट हवेत शेंगदाण्याला चार दिवसांत खवट वास येतो.

हॉटेलात बसल्याबरोबर फिकट गुलाबी कोमट पाणी समोर ठेवतात. ग्लास नीट धुतला नाही असं समजून परत पाठवू नका. पतंगाच्या लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं पाणी असतं ते, तिथे पदिमुगम म्हणतात. उकळलेलं म्हणून तेच प्या.

मासे खाणाऱ्यांनी करिमीन पोळिच्चदु खावं. खाडीतला चपटा मासा, मसाला लावून केळीच्या पानात भाजलेला. काटे बारीक असतात, सात वर्षांच्या पोराला स्वतः सोडवून द्या.

डफरीनचौक

मटणचेरीचं राहिलं. दोन ठिकाणं मुख्य. मटणचेरी राजवाड्याला लोक डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी १६६३ नंतर दुरुस्ती केली आणि नाव त्यांचं चिकटलं. बाहेरून साधा वाडा वाटतो. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, त्यासाठी जायचं. पोरांना कथा माहीत असते, ओळखायला लावा. फोटोला मनाई आहे.

दुसरं ‘परदेशी सिनेगॉग’ नावाचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या. बूट काढून आत जायचं असतं. तळव्यांना गार लागतात.

वारांकडे लक्ष द्या. राजवाडा शुक्रवारी बंद. सिनेगॉग शनिवारी बंद, आणि शुक्रवारी दुपारनंतर भरवसा नाही. म्हणजे मटणचेरी रविवार ते गुरुवार यातच बसवा.

रिक्षावाले ‘शंभर रुपयांत सगळं फिरवतो’ म्हणतात. तो फेरा दुकानांचा असतो, त्यांना प्रत्येक दारात काही मिळतं. ‘दुकान नको’ असं आधीच स्पष्ट सांगून ठरवा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

मसालागल्ली

काळा मसाला घरी करणाऱ्यांनी वेलची, मिरी, जायपत्री तिथून आणावी, पण सिनेगॉगच्या गल्लीतल्या सजवलेल्या टोपल्यांतून नाही. बाजार रोडला ठोक व्यापाऱ्यांच्या पेढ्या आहेत, तिथे किलोने, निदान पाव किलोने घ्या. वेलची मोठी आणि हिरवी बघा, पण रंगावर भाळू नका. एक दोडा फोडायचा. दाणे काळे, एकमेकांना चिकटलेले आणि किंचित ओलसर हवेत. तपकिरी आणि सुटे दाणे म्हणजे जुना माल. मिरी मूठभर घेऊन पाण्यात टाकायला सांगा. पोकळ दाणे आणि पपईच्या बिया तरंगतात, भरलेली मिरी तळाला जाते. नाही म्हणणाऱ्या दुकानदाराचं दुकान सोडा.

साखरपेठकर

छान माहिती. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर पोरांना उतरवलं तर चालेल का? नकाशात बीच दिसतोय.

जलपर्णी_नको

नाही. तिथे बंदराचं तोंड आहे. मोठी जहाजं आत यावीत म्हणून पाणी खोल उपसलेलं असतं आणि ओहोटीला सगळ्या बॅकवॉटरचं पाणी त्याच तोंडातून बाहेर धावतं. वाळूचा पट्टा अरुंद, मधे दगड आणि वाहून आलेला कचरा. संध्याकाळी बसायला आणि जहाजं बघायला चांगलं, पाण्यात पाय नको.

पाण्यात उतरायला चेराई. वायपीन बेटाच्या उत्तर टोकाकडे, फोर्ट कोचीपासून पंचवीसेक किलोमीटर. उतार मंद आहे, जीवरक्षक असतात, डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी शांत. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम. रविवारी दुपारनंतर सगळं एर्नाकुलम तिथे लोटतं. किनाऱ्याच्या मागे लगेच बॅकवॉटर आहे, अशी दोन पाण्यांमधली पट्टी आहे ती.

पुढे कधी एप्रिल-मे मध्ये जाणाऱ्यांनी कळ्ळक्कडल हा शब्द लक्षात ठेवावा. अर्थ चोर समुद्र. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेली लाट हजारो किलोमीटर येऊन पोहोचते. इथे वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं आणि पाणी एकदम किनाऱ्यावर चढतं. इशारे दिले जातात, ते दिसले की त्या दिवशी वाळूतसुद्धा बसायचं नाही.

विजापूरवेस

पाण्यावरच्या प्रवासाचे तीन प्रकार आहेत, ज्येष्ठांसाठी फरक मोठा. सरकारी बोट एर्नाकुलम जेट्टीहून फोर्ट कोचीला, तिकीट दहा रुपयांच्या आत. मस्त वारा लागतो. पण भरती-ओहोटीप्रमाणे बोट धक्क्याच्या वर-खाली होते आणि हलत्या काठावरून पाय टाकावा लागतो.

वॉटर मेट्रो २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी. हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला चाळीसेक रुपये. हिचा धक्काच तरंगता आहे, बोटीबरोबर वर-खाली होतो, म्हणून दार आणि फलाट कायम सपाटीला. गुडघेवाल्यांना हीच. मोजून माणसं घेतात, त्यामुळे शनिवार-रविवार रांग लांबते. नॉर्थ स्टेशनवरून हायकोर्ट धक्का रिक्षाने जवळ आहे.

तिसरी फोर्ट कोची ते वायपीन रो-रो. गाड्या आणि माणसं एकत्र, पाच मिनिटांत पलीकडे. दोनपैकी एखादी बंद पडली की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. रस्त्याने एर्नाकुलमच्या गोश्री पुलांवरून वळसा घातला तर पंधरा किलोमीटरच्या वर पडतं. सामानासह सहा जण असाल तर टॅक्सी पलीकडे वायपीनला उभी करायला सांगा आणि तुम्ही पायी रो-रोवर चढा. बसने जायचं तर मुनंबमच्या बसने चेराई जंक्शन, तिथून समुद्र दीड-दोन किलोमीटर आत. बस समुद्रावर सोडत नाही.

मागवाला

सोलापूरकरांनी चेराईला जाऊन चेंदमंगलम चुकवू नये. उत्तर परवूरच्या पलीकडचं हातमागाचं गाव आहे, चेराईहून रिक्षाने जमतं. आपल्या चादरीसारखंच तिथल्या धोतरालाही भौगोलिक मानांकन आहे. बघायचं ते पुळियिलकरा मुंडू, म्हणजे धोतर. पुळियिला म्हणजे चिंचेचं पान. धोतराची काठ तेवढीच बारीक रेघ. आपल्याकडे जॅकार्डवर मोर आणि फुलं भरून चादर होते, तिथे कोऱ्या रंगाच्या कापडात एवढी एक रेघ सरळ राखणं हेच कसब. कापड हातात घेऊन उजेडाकडे धरा. हातमागाच्या विणीत ठोक, म्हणजे आडवे धागे दाबून बसवणं, थोडी कमी-जास्त दिसते, पॉवरलूमची एकसारखी असते. काठ मागच्या बाजूनेही तितकीच स्वच्छ पाहिजे.

माग खड्ड्यातले आहेत, विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो. २०१८ च्या पुरात ते खड्डे चिखलाने भरले आणि विणून ठेवलेला माल कुजला. त्या डागाळलेल्या साड्यांच्या बाहुल्या करून विकल्या गेल्या, चेक्कुट्टी नावाच्या. मिळाल्या तर घ्या.

वाटेत पळ्ळिपुरमचा छोटा षट्कोनी पोर्तुगीज किल्ला आहे, १५०३ चा. डचांनी तो आणि क्रांगनूरचा किल्ला १७८९ मध्ये त्रावणकोरच्या राजाला विकला. टिपूला हा व्यवहार खुपला आणि त्याने त्रावणकोरवर चाल केली. त्यातून पेटलेल्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके पेशव्यांच्या फौजा घेऊन श्रीरंगपट्टणला गेले. एवढासा बुरूज, पण पुण्यापर्यंत धागा येतो.

होटगीनाका

लक्षद्वीपबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. या सहलीत नको. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि तो हातात आल्याशिवाय तिकीट धरण्यात अर्थ नाही. जहाज विलिंग्डन बेटावरून सुटतं. लक्षद्वीपची राजधानी कवरत्ती कोचीहून ४०४ किलोमीटर, म्हणजे एक रात्र समुद्रावर. शिवाय काही बेटांजवळ जहाज बाहेरच नांगरतं आणि हलत्या जहाजातून हलत्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. सत्तरीच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. विमान अगत्तीला जातं, पण छोटं असतं आणि सामानाची मर्यादा कडक. वेगळे सहा-सात दिवस काढूनच जा. आणि तिथून पोवळ्याचा तुकडा खिशात घालून आणायचा नाही, वन्यजीव कायद्याचा गुन्हा आहे.

बेटच हवं तर एर्नाकुलमच्या उत्तरेला कडमकुडी बघा. पोक्काळी भाताची शेती आहे. जून ते ऑक्टोबर खाऱ्या पाण्याला दाद न देणारा उंच भात. कापताना फक्त लोंब्या घेतात, धाटं पाण्यातच कुजू देतात. मग त्याच शेतात कोळंबी सोडतात, ती त्या कुजलेल्या धाटांवर वाढते. जानेवारीत शेत म्हणजे आरशासारखं पाणी आणि पक्षी. सकाळी दोन तास पुरतात.

साखरपेठकर

सगळ्यांचे आभार. मुन्नार आणि लक्षद्वीप दोन्ही रद्द. असं जमवलंय :

बुधवारी दुपारी नॉर्थला उतरून वॉटर मेट्रोने फोर्ट कोची, संध्याकाळी जाळी. गुरुवारी सकाळी चर्च आणि गाव. शुक्रवारी मटणचेरी, मसाले. शनिवारी सकाळी रो-रोने चेराई, दुपारी समुद्र. रविवारी चेंदमंगलम. सोमवारी परतीची गाडी.

डफरीनचौक

शुक्रवारी मटणचेरी लिहिलंत! राजवाडा बंद. गुरुवार-शुक्रवार उलटे करा, चर्च शुक्रवारी चालेल. गुरुवारी राजवाडा सकाळी, सिनेगॉग दुपारच्या सुट्टीआधी.

मागवाला

रविवारी माग थंड असतात. चेंदमंगलम शनिवारी घ्या. टॅक्सी वायपीनहून थेट तिकडे न्या, आधी माग, जेवून चेराईला खोलीवर. रविवारी सकाळी सातला पोरं पाण्यात.

विजापूरवेस

शनिवारी रो-रो सकाळी आठच्या आत धरा. आणि चेराईहून नॉर्थ स्टेशन पंचवीस किलोमीटरच्या वर आहे. सोमवारी गोश्री पुलांवर ऑफिसची गर्दी असते, गाडीच्या वेळेआधी अडीच तास निघा.

साखरपेठकर

बदललं. गुरुवार मटणचेरी, शुक्रवार चर्च, शनिवार माग. बुधवारच्या भरतीची वेळ बघितली, संध्याकाळी सहाच्या आसपास दाखवतंय.

जलपर्णी_नको

मग पाचलाच जाऊन बसा. जाळ्याच्या डाव्या अंगाला उभं राहा, उजवीकडे मासेवाले आहेत.